जॅझ अल्बमची शिफारस करताना साथीदार, तारीख आणि टेपही सांगावी

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे वाचकांनी सुचविलेल्या नव्या आणि पुनर्प्रकाशित जॅझ अल्बमची यादी प्रसिद्ध झाली. उसाचा दर, हळदीचे सौदे आणि कृष्णेची पाणीपातळी यांच्या बातम्यांतून जागा काढून आपण हा विषय छापलात, याबद्दल सांगली-मिरजेत जॅझ ऐकणाऱ्या आम्हा मोजक्या मंडळींच्या वतीने आपले आभार मानतो. यादीतील बहुतेक नावे चांगली आहेत, काही तर उत्तमच आहेत, आणि निवडीविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती शिफारस करण्याच्या पद्धतीविषयी. अल्बमचे नाव, मुख्य कलाकाराचे नाव, ‘अवश्य ऐका’ किंवा ‘अप्रतिम’ असा एखादा शेरा आणि पुढे तारे, एवढाच मजकूर प्रत्येक नोंदीत आहे. तेवढ्यावरून नवख्या वाचकाने कशाला हात घालावा आणि कशावर पैसे खर्च करावेत, हे ठरवता येत नाही. पुनर्प्रकाशित अल्बमच्या बाबतीत तर अशा नोंदीने दिशाभूलही होऊ शकते, कारण एकाच नावाखाली आणि जवळजवळ एकाच मुखपृष्ठाखाली वेगवेगळ्या दर्जाच्या तबकड्या बाजारात विकल्या जात असतात.

आपल्याच परंपरेतील उदाहरण देतो. कुमार गंधर्वांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण सुचवताना तबल्यावर वसंतराव आचरेकर आहेत, हे कोणताही मराठी रसिक आवर्जून सांगतो. साथसंगतीचा उल्लेख नसलेले परीक्षण आपल्या वृत्तपत्रात छापून आले, तर दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पत्रांचा ढीग पडेल. जॅझमध्ये तर साथीदार आणि मुख्य वादक यांच्यात आपल्याकडच्याइतके अंतरही नसते. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत एका बैठकीत ध्वनिमुद्रित झाला. तो अल्बम जितका कोल्ट्रेन यांचा, तितकाच पियानोवरील मॅकॉय टायनर, बासवरील जिमी गॅरिसन आणि ड्रम्सवरील एल्विन जोन्स यांचा आहे. आपल्या यादीत हा अल्बम आहे, पण या तिघांपैकी एकाचेही नाव नाही. एल्विन जोन्स यांना वगळून हा अल्बम सुचवणे म्हणजे जुगलबंदीतील एकाचेच नाव छापण्यासारखे झाले.

पूर्वी ही उणीव एलपीच्या कव्हरची मागील बाजू भरून काढत असे. वादक कोण, तारीख कोणती, स्टुडिओ कोणता, हे सारे तेथे छापलेले असे आणि तबकडी वाजत असताना ते वाचून काढणे हा ऐकण्याचाच भाग होता. आज बहुसंख्य तरुण श्रोते मोबाइलवर ऐकतात, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही, कारण पूर्वी मुंबईच्या दुकानांत चकरा मारूनही जे मिळत नसे ते आता विट्याच्या किंवा तासगावच्या मुलाला घरबसल्या मिळते. मात्र मोबाइलच्या पडद्यावर वादकांची नावे सहसा सापडत नाहीत, आणि साल तर पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचेच दिसते. १९५० च्या दशकातील वादन १९९० च्या दशकातील समजून ऐकणारे विद्यार्थी मला भेटले आहेत. अशा वेळी ही माहिती पुरवण्याची जबाबदारी शिफारस करणाऱ्यावर येते. ती त्याने टाळली, तर ‘हे ऐका’ एवढे सांगण्याचे काम मोबाइलमधील यंत्रणाही करतेच. त्यासाठी जाणकाराची किंवा वृत्तपत्राची गरज राहत नाही.

आवृत्ती कोणती, हा प्रश्न सांगलीत तरी केवळ शौकिनांच्या काथ्याकुटाचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातील आणि नदीकाठच्या इतर वस्त्यांतील अनेक घरांत पुस्तकांबरोबर रेकॉर्डचे संग्रहही पाण्याखाली गेले. आमच्या परिचयातील एका संग्राहकाच्या घरी गाळ काढायला आम्ही गेलो होतो. कपाटाच्या खालच्या दोन खणांतील एलपी एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती. कोमट पाणी, पातळ साबण आणि मऊ फडके घेऊन, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू न देता एकेक तबकडी धुतली, तेव्हा बऱ्याच तबकड्या वाजण्याजोग्या निघाल्या, कारण व्हिनाइलला पाण्याचे फारसे वावडे नसते. कव्हरांचा मात्र लगदा झाला होता, आणि त्यांच्याबरोबर वादकांच्या नावांपासून तारखांपर्यंतची सगळी माहितीही गेली होती. सीडींचे नुकसान त्याहून मोठे होते, कारण पुष्कळ सीडींच्या चंदेरी थरात पाणी शिरले होते. असा संग्रह पुन्हा उभा करणाऱ्या माणसाला परदेशातून आलेली एक एलपी तीन-चार हजार रुपयांना पडते. त्याला ‘हा अल्बम पुन्हा निघाला आहे, जरूर घ्या’ एवढेच सांगून भागत नाही. कोणी काढला, कोणत्या टेपवरून काढला आणि जुन्यापेक्षा त्यात काय वेगळे आहे, हे त्याला समजलेच पाहिजे.

आवृत्तीने काय फरक पडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चेच आहे. हा अल्बम १९५९ मध्ये न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरील स्टुडिओत दोन दिवशी ध्वनिमुद्रित झाला. २ मार्चला पहिल्या बाजूवरील तीन रचना झाल्या आणि २२ एप्रिलला दुसऱ्या बाजूवरील दोन. २ मार्चला मुख्य टेप यंत्र किंचित मंद गतीने फिरत होते, आणि मंद फिरणाऱ्या यंत्रावर भरलेली टेप योग्य गतीने वाजवली की स्वर चढतो. परिणामी, पहिली बाजू तीसहून अधिक वर्षे जगभर चढ्या पट्टीतच विकली आणि ऐकली गेली. त्याच दिवशी खबरदारी म्हणून दुसऱ्या यंत्रावरही मुद्रण झाले होते, आणि त्या यंत्राची गती बरोबर होती. १९९२ मध्ये त्या दुसऱ्या टेपवरून आवृत्ती काढण्यात आली, तेव्हा कुठे ही चूक सुधारली.

हे सारे वाचून आम्हाला ठाऊक होते, पण कानाला पटले ते मिरजेमुळे. सतारमेकर गल्लीत तंबोरे करणारे एक कारागीर आमच्या जॅझ ऐकण्याच्या बैठकीला अधूनमधून येतात. जॅझशी त्यांचा पूर्वी कधी संबंध आलेला नव्हता. एकदा ते जवारी काढण्यासाठी आणलेला तंबोरा घेऊनच आले आणि आम्ही ‘काइंड ऑफ ब्लू’च्या जुन्या तबकडीवरील पहिल्या बाजूची ‘सो व्हॉट’ ही रचना लावली असताना त्यांनी सहज तंबोऱ्याचा षड्ज त्या बासच्या स्वराला मिळवून घेतला. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे करीत, तार हलक्या बोटाने छेडत त्यांचे काम चालू होते. पुढे तीच रचना आम्ही नव्या आवृत्तीवरून लावली. त्यांनी दोन वेळा तार छेडली, हात थांबवला आणि म्हणाले, “ही उतरली की हो. का मघाचीच चढी होती?” तबकडी फिरवणारे यंत्र तेच होते. यंत्राचाच दोष असेल, अशी शंका घेऊन आम्ही दोन्ही तबकड्यांच्या दुसऱ्या बाजू लावून पाहिल्या, तर त्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या, कारण २२ एप्रिलला टेप यंत्र योग्य गतीने फिरत होते. त्या रचनेचे दोन वेळा आठ बारचे (म्हणजे बत्तीस मात्रांचे) अंग झाले की तिसऱ्या अंगात आधार अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि चौथ्यात पुन्हा मूळ ठिकाणी येतो, हेही त्यांनी कोणी न सांगता हेरले आणि “मधे षड्ज का हलवतात?” असे विचारले. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जेथे अब्दुल करीम खाँसाहेबांची स्मृती अजून दरवर्षी गाऊन जागवली जाते, त्या गावातल्या कानांना जॅझ दुर्बोध आहे असे कोणी म्हटले, तर मी ते मान्य करणार नाही. त्यांना तारे नकोत, पक्की माहिती हवी आहे. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या नोंदीत ‘१९९२ नंतरची, गती सुधारलेली आवृत्ती घ्यावी’ एवढे एक वाक्य जोडले असते, तरी त्या नोंदीचे मोल कितीतरी वाढले असते.

ही झाली गतीची बाब. मूळ टेपची बाब याहून गुंतागुंतीची आहे. युरोपात १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क संपुष्टात आले असल्यामुळे जॅझच्या त्या सुवर्णकाळातील अल्बम तेथे कोणीही छापू शकतो. अशा स्वस्त तबकड्या आपल्याकडेही सर्रास मिळतात. जाड, वजनदार व्हिनाइल आणि चकचकीत कव्हर यांमुळे त्या भारदस्त दिसतात, परंतु छापणाऱ्याजवळ मूळ टेप नसते आणि बहुधा बाजारातील सीडीवरूनच तबकडी कापलेली असते. ऐकायला त्या वाईटच असतात असे नाही. पण सीडीचाच आवाज हवा असेल, तर सीडी किंवा मोबाइल पुरेसा आहे, त्यासाठी दीड-दोन हजार रुपये मोडण्याचे कारण नाही. उलट १९३९ मध्ये न्यू यॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘ब्लू नोट’ या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीने २०१९ पासून ‘टोन पोएट’ ही मालिका सुरू केली. जो हार्ली यांच्या देखरेखीखाली आणि केव्हिन ग्रे यांच्या हातून त्या तबकड्या मूळ मास्टर टेपवरून कापल्या जातात. त्या महाग असतात, आणि दुहेरी उघडणारे जाड कव्हर व फ्रान्सिस वुल्फ यांची छायाचित्रे हे त्या किमतीत धरलेले असते. ज्यांना केवळ ऐकायचे आहे, त्यांच्यासाठी त्याच कंपनीची ‘क्लासिक व्हिनाइल’ ही साधी मालिका आहे. तिचेही मास्टरिंग (टेपवरून तबकडीसाठी आवाज तयार करण्याचे काम) केव्हिन ग्रे यांचेच आहे आणि किंमत बरीच कमी. माझ्या मते पहिली खरेदी याच मालिकेतून करावी. ट्रंपेटवादक ली मॉर्गन यांचा डिसेंबर १९६३ मध्ये मुद्रित झालेला ‘द साइडवाइंडर’ त्यासाठी उत्तम, कारण त्याचा ठेका पहिल्याच फेरीत कोणालाही धरून ठेवतो.

येथे थोडा सबुरीचाही सल्ला द्यावासा वाटतो. अमेरिकेतील एका नामांकित कंपनीच्या, मूळ टेपवरून काढल्या म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत मधे डिजिटल टप्पा होता, हे २०२२ मध्ये उघड झाले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. गंमत अशी की, डिजिटलचा वासही सहन होत नाही असे सांगणाऱ्या कित्येक मंडळींनी तोवर त्याच तबकड्यांची तोंड भरून स्तुती केलेली होती. त्यामुळे शिफारस करताना टेपविषयी जे निश्चित ठाऊक आहे तेवढेच लिहावे, आणि आवाजाच्या ऊबदारपणाविषयीचे दोन परिच्छेद वाचवून तेवढ्यात वादकांची नावे द्यावीत.

पुनर्प्रकाशनांच्या शेजारीच आपल्या यादीत एक वेगळा प्रकार मिसळला गेला आहे, आणि तो वेगळा काढून दाखवणे आवश्यक आहे. जुनी ध्वनिमुद्रणे, जी पूर्वी कधीच प्रसिद्ध झाली नव्हती आणि आता सापडून बाहेर आली आहेत, त्यांना पुनर्प्रकाशित म्हणता येत नाही आणि नवीही म्हणता येत नाही. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या चौकडीत कोल्ट्रेन वाजवत होते. ज्या ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या लघुलहरींवर विलिस कोनोव्हर यांच्या संथ, धीरगंभीर आवाजातील निवेदनासह आमच्या पिढीने खरखरीतून जॅझ ऐकले, तिनेच ही मैफल मुद्रित केली होती. ती टेप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिली आणि २००५ मध्ये सापडून त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. मंक आणि कोल्ट्रेन यांचे एकत्र वादन फारच थोडे मुद्रित झालेले असल्यामुळे, आणि आवाज आश्चर्य वाटावे इतका स्वच्छ असल्यामुळे, ही खरेदी डोळे मिटून करावी.

त्याच मंक यांचा ‘पालो आल्टो’ २०२० मध्ये निघाला, आणि त्याची हकिकत तर आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांनी ऐकावी अशी आहे. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील एका शाळेत डॅनी शेर या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने मंक यांची मैफल ठरवली. ती मुद्रित करू दिली तर पियानो सुरात लावून देतो, असे शाळेतील सफाई कर्मचाऱ्याने सांगितले आणि त्याप्रमाणे केले. ती टेप शेर यांच्याकडे पडून होती. शाळेच्या सभागृहातला तो पियानो आणि समोर बसलेली मुले यांमुळे असेल, पण मंक त्या दुपारी फार खुशीत वाजवताना ऐकू येतात. सॅक्सोफोनवर चार्ली राउज, बासवर लॅरी गेल्स आणि ड्रम्सवर बेन रायली आहेत.

सापडलेली प्रत्येक टेप मात्र रत्नच असते, असे मानण्याचे कारण नाही. कोल्ट्रेन यांचे ६ मार्च १९६३ चे ध्वनिमुद्रण २०१८ मध्ये ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ या नावाने ‘हरवलेला अल्बम’ म्हणून गाजत आले. ते चांगले आहे, चौकडी ऐन भरात आहे, तरीही नवख्याने प्रथम घ्यावे असे ते नाही; ज्यांच्याजवळ त्यांचे प्रसिद्ध अल्बम आधीच आहेत, त्यांच्यासाठी ते आहे. ‘इव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट’ हा २०२३ मध्ये निघालेला अल्बम त्याहून मोलाचा आहे, कारण १९६१ च्या उन्हाळ्यातील या वादनात कोल्ट्रेन यांच्या जोडीला सॅक्सोफोन आणि बासरी वाजवणारे एरिक डॉल्फी आहेत. परंतु हे वादन रिच आल्डरसन यांनी क्लबमधील ध्वनियंत्रणा तपासताना एकाच मायक्रोफोनवर टिपलेले आहे. त्यात एल्विन जोन्स यांचे ड्रम्स कानाशी वाजतात आणि पियानो पार मागे राहतो. हे आधी सांगितले, तर श्रोता मनाची तयारी करून बसतो आणि थोड्याच वेळात त्याला डॉल्फी यांची झेप ऐकू येऊ लागते. न सांगितले, तर तो दहा मिनिटांत बंद करतो आणि पुढे शिफारस करणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही.

आपल्या भागातील श्रोत्याने आत शिरावे कोठून, याविषयीही आपल्या यादीने काही सुचवलेले नाही. मला विचारले तर मी जॉन कोल्ट्रेन यांच्या पत्नी आणि हार्प हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या ॲलिस कोल्ट्रेन यांचे नाव घेईन. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या त्यांच्या अल्बमचे शीर्षक त्यांचे गुरू स्वामी सच्चिदानंद यांच्यावरून आले आहे. शीर्षक-रचनेत तंबोऱ्याच्या अखंड नादावर सेसिल मॅक्बी यांचा बास एक छोटीशी स्वरावली पुनःपुन्हा वाजवत राहतो, वर ॲलिस यांची हार्प झरते आणि मग फॅरो सँडर्स यांचा सोप्रानो सॅक्सोफोन येतो. येथे स्वरांच्या पोशाखातील परदेशीपणा ओलांडण्याचे कष्टच पडत नाहीत. हा अल्बम आवडला, तर २०२४ मध्ये प्रथमच पूर्ण स्वरूपात निघालेली त्यांची २१ फेब्रुवारी १९७१ ची कार्नेगी हॉलमधील मैफल ऐकावी. तीत दोन बासवादक, दोन ड्रमवादक, सँडर्स आणि आर्ची शेप असे दोन सॅक्सोफोन आणि सोबत तंबोरा व हार्मोनियम आहेत. पूर्वार्ध शांत आहे, पण उत्तरार्धातील अर्ध्या तासाच्या आसपास चालणारी ‘आफ्रिका’ ही रचना मोठ्या आवाजाची आहे, आणि घरातील ज्येष्ठांची दुपारची झोप चालू असताना ती लावू नये. त्यांच्या ‘कीर्तन: तुरिया सिंग्ज’ची गोष्ट वेगळी. १९८२ मध्ये ही भजने कॅसेटवर निघाली, तेव्हा त्यांवर व्हायोलिनचा ताफा आणि सिंथेसायझर चढवलेले होते. २०२१ च्या आवृत्तीत त्यांचे चिरंजीव रवी कोल्ट्रेन यांनी ते सारे बाजूला ठेवून केवळ ॲलिस यांचा आवाज आणि ऑर्गन ठेवला. पंडित रविशंकरांच्या नावावरून ज्यांचे नाव ठेवले गेले, त्या मुलाने आईचे भजन असे उघडे करून दाखवावे, हे मला फार उचित वाटले. दोन्ही आवृत्त्यांचे नाव जवळजवळ एकच आहे आणि ऐकण्याचा अनुभव मात्र पूर्ण निराळा. पुनर्प्रकाशनाची शिफारस तपशिलासह का करावी, याचे दुसरे उदाहरण मी हेच देईन.

नव्या अल्बमविषयी थोडक्यात लिहितो, कारण काळाच्या चाळणीतून ते अजून गेलेले नाहीत. पियानोवादक विजय अय्यर यांचा ‘कम्पॅशन’ (२०२४) लिंडा मे हान ओ आणि टायशॉन सोरी यांच्यासह आहे. पियानो, बास आणि ड्रम्स या त्रिकुटात लयीची जी गुंफण होते, ती तिहाईची सवय असलेल्या कानाला चटकन पकडता येते. सँडर्स यांचा ‘फ्लोटिंग पॉइंट्स’ हे नाव घेतलेले इलेक्ट्रॉनिक संगीतकार आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह केलेला ‘प्रॉमिसेस’ (२०२१) हा त्यांच्या अखेरच्या काळातील. पुढच्याच वर्षी ते गेले. तो तुकड्यातुकड्याने ऐकू नये, सलग ऐकावा. उस्ताद झाकीर हुसेन डिसेंबर २०२४ मध्ये गेल्यानंतर अनेकांनी त्यांचे जॅझमधील काम शोधायला सुरुवात केली आहे. त्यांनी सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड आणि ड्रमवादक एरिक हार्लंड यांच्यासह केलेला ‘संगम’ (२००६) घ्यावा. तो प्रत्यक्ष मैफलीचा आहे आणि तबला व ड्रम्स यांत कुरघोडी नसून संवाद आहे. झाकीर हुसेन ज्यात वाजवत त्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदाचा ‘धिस मोमेंट’ (२०२३) सर्वांना ठाऊक आहेच. त्याला ग्रॅमीही मिळाले, त्यामुळे त्याची वेगळी भलामण करण्याची गरज नाही.

एक गोष्ट आपल्या यादीतून सरसकट सुटली आहे, ती म्हणजे आपल्याकडचे जॅझ. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’ (१९५१) साठी जे संगीत दिले, त्यात गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा होता, आणि ती गाणी गणपतीच्या मांडवांत अजून वाजतात. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीने जॅझचा ठेका नाव न कळताच आपलासा केला होता. शंकर-जयकिशन आणि सतारवादक उस्ताद रईस खाँ यांचा ‘रागा जॅझ स्टाइल’ (१९६८) तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग घेतो. रचना आटोपशीर आहेत, उत्स्फूर्त विस्ताराला वाव कमी आहे, त्यामुळे त्यात जॅझपेक्षा बांधणीच अधिक, असे माझे मत आहे. तरीही राग ओळखीचा असलेल्या श्रोत्याला सॅक्सोफोनच्या आवाजाची ओळख करून देण्यासाठी याहून सोपे साधन मला ठाऊक नाही.

म्हणून आपणास विनंती की, हे सदर चालू ठेवावे आणि पुढील वेळी प्रत्येक शिफारशीसोबत सर्व वादकांची नावे, ध्वनिमुद्रणाचे साल व ठिकाण, आणि पुनर्प्रकाशन असल्यास ते कोणी व कशावरून केले, हे मागून घ्यावे. तारे छापले नाहीत तरी चालेल. जागा अपुरी पडत असेल, तर वीसऐवजी पाचच अल्बम छापावेत. ज्यांच्याजवळ तबकडी आहे ते ऐकवायला तयार असतात. आमच्या बैठकीचा तर दंडकच आहे की, जो अल्बम सुचवील त्याने तो आणावा, वाजवण्यापूर्वी एवढी माहिती द्यावी आणि मग गप्प बसावे. शहरातील एखाद्या वाचनालयाने महिन्यातून एक संध्याकाळ दालन उघडे ठेवले, तर यंत्र आणि तबकड्या आम्ही घेऊन येऊ.

शेवटी एक चौकशी आपल्या वाचकांकडे करावयाची आहे. १९७८ मध्ये मुंबईत निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स तेथे वाजवून गेले. सांगली, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतून तेव्हा रात्रीच्या गाडीने तिकडे गेलेली मंडळी असतील. त्यांच्यापैकी कोणाजवळ त्या काळचे छापील कार्यक्रमपत्र, तिकीट किंवा स्वतः टिपलेली कॅसेट असल्यास त्यांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर कळवावे. कॅसेट बुरशी लागण्यापूर्वी डिजिटल करून मूळ प्रत परत देण्याची व्यवस्था आम्ही करू. कार्यक्रमपत्रातील वादकांची नावे आपण याच सदरात छापावीत, अशी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली